नखांचा रंग

गतवर्षी वैशाखात आमच्या ताईचे लग्न झाले, त्या वेळची ही गोष्ट. विंचुरास ते दिवस उन्हाळ कांद्याचे. ओसरीवर कांद्यांचा ढीग आणि माजघरात लग्नाची गडबड! नखे घरच्या घरीच रंगवावयाची, असा आम्ही निश्चय केला. डाव्या हाताची नखे बरी साधली. परंतु उजव्या हाताची पाळी येताच डावा हात असा थरथरू लागला की, नेलपॉलिश नखापेक्षा बोटासच अधिक लागले.

कांदे निवडीत बसलेली आई हसून म्हणाली, "अगं, अधांतरी हात कसा स्थिर राहील? कोपर पाटावर टेकव. आणि विळी कधी हलते का? भाजीच हलवतो ना आपण? तसा कुंचला धरून ठेव नि बोट फिरव."

आम्ही तसे केले, आणि काय आश्चर्य! रंग नखाच्या कडेबाहेर गेला नाही. तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. अवघड हात आधी घ्यावा. नखे धुऊन पूर्ण कोरडी करावी. नखाभोवतीच्या कातडीस थोडे व्हॅसलीन लावावे, म्हणजे सांडलेला रंग सहज पुसता येतो. मात्र ते नखावर येऊ देऊ नये. बाटली हलवू नये, फेस होतो, तळहातांत घोळवावी. पहिला फराटा मधून, मग दोन्ही बाजूंनी एकेक.

घाई मात्र करू नये. मेंदीचा रंग नखात मुरतो. नेलपॉलिश नखावर नुसते बसते. त्यातील द्रव उडून गेला म्हणजे पातळ पापुद्रा मागे राहतो. थर जाड दिल्यास वरचा भाग सुकतो व आतला ओलाच राहतो. म्हणून दोन पातळ थर द्यावे, व पहिला सुकल्यावरच दुसरा. हा द्रव चटकन पेट घेतो. तेव्हा चुलीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून बसावे.

आता आईची पाळी, असे आम्ही म्हणताच तिने हात पदराखाली घेतले. "कांद्यानं नि मातीनं काळी पडलेली ही नखं! पाहुण्यांत हसं होईल." पुष्कळ आर्जवे केल्यावर तिने एक हात पुढे केला. बोटांवर विळ्याचे जुने वण होते. अंगठ्याचे नख मधोमध चिरलेले होते. तिनेच शिकविलेल्या रीतीने कोपर टेकून आम्ही फिकट गुलाबी रंग लावला. तो सुकेपर्यंत आईला स्वस्थ बसावे लागले. त्या साऱ्या महिन्यात तिला लाभलेली तेवढीच विश्रांती!

लग्नात अक्षता टाकताना आईने हात झाकला नाही. चौथ्या दिवशी ती पुन्हा कांद्यांत बसली आणि रंग उडू लागला. तिला त्याचे काही वाटले नाही. आम्हांस मात्र वाटले की, इतकी वर्षे ज्या हातांनी आम्हांस भरविले, ते हात आम्ही त्या दुपारीच प्रथम नीट पाहिले.