उभो खंय रवतलंस?

देवबागात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी. मधली जमीन इतकी चिंचोळी, की मासे गरवायला निघालेल्या माणसाला आधी पाणी निवडावं लागतं. काठी पारखायची विद्या मला मामांनी दिली, तीही तिथूनच सुरू झाली. कुठली काठी घेऊ, असं विचारलं की ते म्हणत, "आधी उभो खंय रवतलंस, ता सांग."

समुद्राकडे काठी दहा-बारा फुटी हवी. गरी फुटणाऱ्या लाटांपलीकडे पडायला हवी आणि दोरी लाटेच्या वर राहायला हवी. खाडीकाठच्या कांदळवनात तीच काठी फांद्यांत अडकते. तिथे सहा-सात फूट पुरे. मग मासा कुठला ते बघायचं. काळुंदराचं तोंड लहान, तो आमिष कुरतडतो. शेंडा मऊ नसेल तर हाताला पत्ताच लागत नाही. तांबोशी गरीला लागली की थेट मुळांत घुसायला धावते. तिला अडवायला काठीत कणा लागतो. म्हणून मामा माणग्याच्या काठ्या करत. हा बांबू बुंध्याशी जवळजवळ भरीव असतो. पावसाळा सरल्यावर जून बेट पाहून ते तोडत, सावलीत वाळवत आणि तयार काठी माझ्या हातात देऊन मनगट किती वेळ टिकतं ते बघत.

पुढे मुंबईतल्या दुकानात रॉडवर छापलेले आकडे मला परके वाटले नाहीत. किती ग्रॅम वजन फेकता येईल, किती पौंडांची दोरी चालेल, ही मामांच्याच प्रश्नांची उत्तरं होती. फायबरग्लास जड, पण आदळआपट सोसतो. नवशिक्याला मी तोच घ्यायला सांगतो. कार्बन हलका, बारीकसा चावाही हातापर्यंत पोचवतो, पण खडकावर आपटला तर तडकतो. शिवाय त्यातून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात तो हातात नकोच.

आता मामांचा खांदा धरतो. माणगा पेलवत नाही. त्यांच्यासाठी काठी निवडायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. खाडीतल्या धक्क्यावर, खुर्ची टाकून, खांबांलगत काळुंदर, असं उत्तर आलं. मी कार्बनचा हलका, मऊ शेंड्याचा रॉड पाठवला. आठवड्यात फोन आला, "बरी असा रे काठी. पण शेंडो अजून मऊ होयो होतो."