डबा किती उंच धरायचा

हा मजकूर एनिमाबद्दल आहे. नाक दाबायचं असेल त्यानं आत्ताच दाबून घ्यावं. आपल्या कवितांत मशाल असते, सूर्य असतो, आग असते. मी अडतीस वर्षं ज्यात हात घातला त्याला कवितेत जागा नाही. तरी म्हटलं एकदा लिहून टाकावं. कारण तुम्ही पोरं वस्तीतल्या आजारी माणसाला खांद्यावर घेऊन रात्री-अपरात्री सरकारी दवाखान्यात धावता. तिथं पडद्यामागं काय चालतं ते तुम्हाला ठाऊक पाहिजे.

१९७८ च्या जुलैत विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आमचं पत्र्याचं घर त्यातच गेलं. मी दहावी नापास. शहरात मामाकडं आलो आणि १९७९ साली एका दवाखान्यात रोजंदारीवर वॉर्डबॉय म्हणून चिकटलो. दवाखान्याचं नाव घेत नाही. नाव घेऊन काय करायचं?

त्या दिवशी आम्ही तिघं लागलो होतो. मुकादमानं एकेकाला आडनाव विचारलं. एकाला केस पेपर न्यायआणायचं काम दिलं. दुसऱ्याला किचनच्या गाडीवर टाकलं. माझं आडनाव ऐकून त्यानं नुसती मान हलवली आणि म्हणाला, "तू मेल सर्जिकल. भांडी." भांडी म्हणजे बेडपॅन. दवाखान्यात वॉर्डबॉयला सगळे 'मामा' म्हणतात. एकविसाव्या वर्षी मी साठ पेशंटांचा मामा झालो.

आई भेटायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आरं, बाबासाहेबाच्या सबदाखातर तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं वढायची सोडली. आन् तू शहरात येऊन हे धरलंस व्हय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पगार होता.

पंधरा दिवसांनी ड्यूटीवरच्या बाईंनी लांबूनच हाक मारली, "मामा, सात नंबरला एनिमा दे." एनिमा देणं हे नर्सिंगचं काम. त्यांच्या पुस्तकात त्याचा धडा असतो, परीक्षेत प्रश्न येतो. पण पुस्तकातला एनिमा त्यांचा आणि खाटेवरचा माझा. मी म्हणालो, "बाई, मला येत नाही." त्या म्हणाल्या, "त्यात काय यायचंय? पाणी भर, नळी घाल, सोड."

सात नंबरला एक म्हातारा हमाल होता. हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी भांडारातून धुण्याचा साबण आणला, किसून गरम पाण्यात कालवला. पाणी किती गरम ते बघितलं नाही. डबा सलाइनच्या स्टँडला अगदी वरच्या हुकाला अडकवला. मला वाटलं, जितकं उंच तितकं लवकर उरकेल. म्हाताऱ्याला पालथं झोपवलं. नळीला काही लावलं नाही. चिमटा एकदम सोडला.

म्हातारा ओरडला. "आरं लेकरा, जाळलंस रं!" त्याला दरदरून घाम सुटला, डोळे फिरले. चादरीवर पाण्याबरोबर रक्त आलं. बाई धावत आल्या आणि सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणाल्या, "जनावर आहेस का?" मी खाली मान घालून चादर उचलली. ते कामही माझंच होतं.

दोन दिवसांनी माझी पाळी आली तेव्हा सात नंबरची खाट रिकामी होती. तो बरा होऊन गेला की कसा गेला, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायला भ्यालो.

नाइट ड्यूटीला केरळची एक सिस्टर होती. तिचं मराठी मोडकं, पण शिकवणं पक्कं. तिच्या कानावर ही गोष्ट गेली होती. रात्री दोनला वॉर्ड शांत झाल्यावर तिनं मला ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. समोर डबा, रबरी नळी आणि रिकामी बादली. म्हणाली, "मामा, हे काम माझं आहे. त्यांनी तुझ्या गळ्यात टाकलं. मी एकटी ते बदलू शकत नाही. पण आता ह्यापुढं तू न शिकता करायचं नाही."

त्या रात्री मी जे शिकलो ते अजून बोटांवर आहे. लिहून देतो.

डॉक्टरनं कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. जाता जाता तोंडी सांगितलेलं चालत नाही. आधी माणसाशी बोलायचं. नाव विचारायचं, म्हणजे एकाचा एनिमा दुसऱ्याला जात नाही. पोट फार दुखतंय का? उलट्या, ताप? शौचातून रक्त? आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय का? हृदयाचं दुखणं? यातल्या एकालाही 'हो' आलं तर हात मागं घ्यायचा आणि डॉक्टरला बोलवायचं.

मग पडदा. पडदा नसेल तर चादर बांधायची. गरिबालाही लाज असते. खाली मेणकापड, हाताशी भांडं. भांडं आधी आणायचं, नंतर शोधत फिरायचं नाही. माणसाला डाव्या कुशीवर झोपवायचं, उजवा गुडघा पोटाशी. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडं उतरतो, म्हणून पाणी आपसूक जातं.

पाणी मोठ्या माणसाला अर्धा ते एक लिटर. अंगापेक्षा किंचित कोमट, चाळीस अंशाच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला घालून बघायचं. गरम पाण्यानं आतडं भाजतं, गार पाण्यानं मुरडा येतो. साबण वापरायचाच तर सौम्य आणि लिटरला चमचाभर. धुण्याचा साबण आतली त्वचा सोलून काढतो. नळीतून आधी थोडं पाणी सोडून हवा काढायची. टोकाला व्हॅसलीन लावायचं. पेशंटला तोंडानं लांब श्वास घ्यायला सांगायचं आणि नळी बेंबीच्या दिशेनं हळू तीन-चार इंच न्यायची. त्यापुढं नाही. अडली तर जोर करायचा नाही. जोर केला तर आतडं फाटतं, आणि फाटलेल्या आतड्यानं माणूस मरतो.

"आणि डबा?" मी विचारलं.

तिनं डबा हातात घेऊन खाटेपासून वीतभर, दोन वीत वर धरून दाखवला. "एक फूट ते दीड फूट. ह्याच्या वर नाही." मग मला बादलीवर करून बघायला लावलं. डबा दीड फुटावर धरला तर नळीतून पाणी शांत आलं. हात उंच केला तर तेच पाणी फटकारा मारून आलं. मला सात नंबर आठवला. मी स्टँडचा सगळ्यात वरचा हुक वापरला होता.

"पोटात कळ आली म्हणाला तर डबा खाली घे, नळी दाबून धर, थांब. कळ गेली तर पुन्हा हळू. नाही गेली, घाम सुटला, नाडी मंदावली, रक्त दिसलं तर बंद. मला बोलव. शेवटी पाच-दहा मिनिटं धरून ठेवायला सांग. अशक्त माणसाला संडासात एकटा पाठवू नको, तिथंच पडतो. आणि आलं काय ते बघ. तोंड फिरवू नको. रंग, रक्त, किती, ते सांगायचं आणि लिहायचं. साफ होईपर्यंत मारत राहायचं नाही, तीनदाच्या वर तर नाहीच. साधं पाणी पुन्हा पुन्हा दिलं की ते रक्तात शिरतं, क्षार उतरतात, माणूस बेशुद्ध होतो. लहान मुलाला तर साधं पाणी नाहीच, मिठाचं मोजून केलेलं पाणी, तेही डॉक्टर सांगेल तितकंच."

आता तयार पाकिटातले एनिमे आलेत. फॉस्फेटचे. पिळलं की झालं, असं वाटतं. पण किडनी खराब असलेल्याला, फार थकल्या म्हाताऱ्याला, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला ते घात करतात. पाकीट बदललं, विचारायचे प्रश्न तेच राहिले.

चारेक वर्षांनी एका रात्री बारा-तेरा वर्षांचा पोरगा आला. हाउसमन दारातूनच म्हणाला, "दोन दिवस संडास नाही, एनिमा देऊन ठेवा, सकाळी बघतो." कागदावर काही नाही. मी डबा घेऊन गेलो आणि शिकल्याप्रमाणं बोलायला बसलो. कुठं दुखतंय बाळा? म्हणाला, आधी बेंबीभोवती होतं, आता इथं, उजवीकडं खाली. दोनदा उलटी झालेली. अंग तापलेलं. पाय पोटाशी घेऊन पडला होता आणि चादरीचा पदरसुद्धा पोटाला लागू देत नव्हता.

मी डबा खाली ठेवला. सिस्टरला जाऊन म्हणालो, "ह्याला नको. डॉक्टरांना बोलवा." हाउसमन तणतणत आला. "तू कधी डॉक्टर झालास रे?" मी म्हणालो, "झालो नाही साहेब. पण मी देणार नाही. तुम्ही लिहून द्या आणि तुम्हीच द्या." पाय लटपटत होते. रोजंदारीचा माणूस मी, सकाळी काढून टाकला असता. सिस्टरनं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते आले, त्यांनी पोट दाबून बघितलं आणि पहाटेच्या आत पोरगा टेबलवर होता. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. वरून एनिमाचा दाब पडला असता तर आतल्या आत फुटलं असतं.

पोरगा वाचला. केस पेपरवर डॉक्टरची सही आहे, सिस्टरची सही आहे. माझं नाव कुठंच नाही. तसं ते सात नंबरच्या कागदावरही नव्हतं. तिथं नुसतं लिहिलं होतं, एनिमा दिला. कुणी दिला, त्याला कुणी शिकवलं होतं का, हे विचारायला कागदावर रकानाच नव्हता.

दोस्तांनो, मला एवढंच सांगायचंय. आपण नेहमी म्हणतो की घाणीचं काम आपल्या माथी मारलं. खरंच आहे. पण त्याच्या पुढची गोष्ट आपण बोलत नाही. जातीनं वाटलेलं काम कुणी शिकवत नाही. 'त्यांना ते येतंच, त्यांच्या रक्तात आहे' असं धरून चालतात. ज्या कामाला शिक्षण लागतं ते हलकं ठरवलं, हलकं ठरवलं म्हणून आपल्याकडं ढकललं, आपल्याकडं आलं म्हणून शिकवायची गरज उरली नाही. आणि मग खाटेवरचा माणूस मरतो. तो माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो, कारण पैसेवाला त्या वॉर्डात येतच नाही.

मग उपाय काय? भांडं फेकून द्यायचं? मला तसं वाटत नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये हगवणीनं आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी जवळ जात नव्हतं. तथागतानं आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, आणि दोघांनी मिळून उचलून बिछान्यावर ठेवलं. त्यावेळी तिथं कुणी आडनाव विचारलं नाही. माणसाचं मलमूत्र साफ करणं कमीपणाचं नाही. ते जन्मावरून वाटून देणं कमीपणाचं आहे. आईला मी हे उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

म्हणून तुम्ही दवाखान्यात गेलात की विचारा. ऑर्डर लिहिली आहे का? एनिमा कोण देणार, शिकलेला आहे का? पडदा लावा म्हणा. बाळंतिणीला कळा सुरू झाल्या की रिवाज म्हणून एनिमा देत असतील तर कशासाठी ते विचारा. कळा वाढवायचं औषध कमी लागावं म्हणून एनिमा देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या शिफारशींत सांगितलं आहे. आणि युनियनमध्ये असाल तर पगाराच्या मागणीच्या खाली आणखी एक ओळ लिहा: हे काम नर्सचं आहे, आमच्या हातून करून घ्यायचं असेल तर आधी शिकवा, हातमोजे द्या, आणि कागदावर आमचं नाव लिहा. मला पहिले हातमोजे मिळायला कित्येक वर्षं गेली. सुरुवातीला हातमोजे फक्त ऑपरेशन थिएटरचे असत.

२०१७ साली रिटायर झालो. शेवटच्या आठवड्यात एक नवीन पोरगा वॉर्डात लागला. मुकादम आता आडनाव उघड विचारत नाही, कागदावर बघतो. पोराला माझ्याच वॉर्डात टाकलं होतं. मी त्याला ड्रेसिंग रूममध्ये नेलं. डबा, नळी, बादली मांडली.

तो म्हणाला, "मामा, त्यात काय शिकायचंय?"

मी त्याच्या हातात डबा दिला आणि म्हणालो, "धर. किती उंच धरशील?"

त्यानं हात सरळ डोक्यावर नेला.

मी त्याचा हात धरून खाली आणला. दीड फुटावर थांबवला. आणि त्याला सात नंबरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ज्याचं नाव मला आजही ठाऊक नाही.