वाटीखालचे चिंचोके

आम्ही दोघे नवरा-बायको कामावरून घरी येतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी आमची पहिलीतली मुलगी वही लपवून बसली होती. ‘१२ वजा ५’ याचे उत्तर तिने १३ लिहिले होते. पाचातून दोन गेले तीन, आणि शेजारी एक तसाच. वर लाल फुली. विचारले तर तिला सांगता येईना. दिवसभराचा शीण होता. आमचा हात उठला. पोर रडत रडत उपाशीच झोपली. आमच्याही घशाखाली घास उतरेना. याच गणितापायी आम्ही शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. तीच छडी आज आम्ही आपल्या हाताने घरात आणली होती!

दुसऱ्या दिवशी आमच्या आईने नातीला जवळ घेतले. आईने जन्मभर भाजी विकली. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण हिशेबात तिला कोणी फसवू शकले नाही. तिने डब्यातले दहा चिंचोके काढले, पोरीला डोळे मिटायला लावले आणि काही चिंचोके वाटीखाली झाकले.

“बाहेर सहा हायती. वाटीखाली किती, सांग बघू?”

पोरीने बोटांवर मोजले. “चार!”

वाटी उचलली, तर खरेच चार! मग आजीला फसवायची पाळी तिची. नऊ नि एक, आठ नि दोन, सात नि तीन. दहाच्या साऱ्या जोड्या आठ-पंधरा दिवसांत पाठ न करताच तोंडी बसल्या.

पुढे दुकान-दुकान सुरू झाले. कागदाचे कपटे म्हणजे नोटा. पंधराची मेथी घेतली, विसाची नोट दिली, परत किती? आजी वजाबाकी करीतच नाही. ती पंधराच्या पुढे मोजत जाते : सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. पाच रुपये परत! तसेच १२ वजा ५ : पाचाचे दहा व्हायला पाच, दहाचे बारा व्हायला दोन, झाले सात. शिकलेल्या आम्हाला जे समजावता आले नाही, ते आजीने खेळता खेळता दिले.

आकड्यांच्या नावांतही मुले अडखळतात. ‘एकोणतीस’ ऐकले की आमची पोर ३९ लिही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढी चर्चा झाली! आम्ही दोन्ही म्हणवून घेतो. दहा-दहाचे तीन ढीग मांडून एक चिंचोका उचलला, की एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे तिला डोळ्यांनी दिसते.

परवा तिला साखर आणायला धाडले. घरी येऊन तिने पैसे मोजले. पाच रुपये कमी. आम्ही उठायच्या आत ती एकटीच दुकानात गेली, मोजून दाखविले आणि पैसे घेऊन आली.

पालकहो, याला खर्च काही नाही. दहा चिंचोके, एक वाटी आणि जेवणाआधीची पंधरा मिनिटे पुरतात. मात्र अगदी लहान मूल तोंडा-नाकात घालील, तेव्हा लक्ष असू द्या. वहीत लाल फुली आमच्याकडे अजूनही येते. पण आता पोर वही लपवीत नाही.