बाळंतिणीला कुणी विचारलं?

बाळ पाच आठवड्यांचं होतं. रात्री ते रडायचं आणि मी भिंतीकडं बघत पडून राहायचे. दूध यायचं, माया यायची नाही. हे लिहिताना हात थांबतो. तरी लिहिते.

फुलेनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचा अन् रमाईचा फोटो. आजेसासऱ्यांनी १९५६ नंतर घरातले देव गोदावरीत सोडले. त्याच घरात एका दुपारी सासूबाई पदराखाली अंगारा घेऊन आल्या. "बाहेरचं लागलंय तुला. गप लावून घे." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली मी. लावून घेतला. भांडायला अंगात जोरच नव्हता.

नवरा कार्यकर्ता. माणूस वाईट नाही. मोर्चातून रात्री यायचा. म्हणाला, "रमाईनं चार लेकरं मातीत घातली, तरी मोडली नाही. तुला तर धडधाकट पोरगं झालंय." त्या दिवसापासून मला रमाईच्या फोटोकडं बघायचीही लाज वाटू लागली.

एकदा बाळाला घेऊन गोदेवर गेले. पाण्याकडं बघत कितीतरी वेळ उभी होते. गल्लीतली मावशी तिथं कपडे धूत होती. तिनं लेकरू हातातून काढून घेतलं अन् म्हणाली, "ह्यो नीट हाय. तू कशी हायेस?" पाच आठवड्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हंबरडा फोडला.

मावशीच मला सिव्हिलला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रडू येतं, ते आपोआप जातं. दोन आठवड्यांपुढंही झोप, भूक, उमेद परत आली नाही, तर तो आजार समजायचा. बोलून बरा होतो, लागल्या तर गोळ्या. अंगावर पाजताना चालतील अशाही असतात. मला सहा महिने लागले.

पुढं वाचलं. गोव्यातला एक अभ्यास २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना हा आजार निघाला. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, तिथं जास्त. ह्यात भूत कुठं आलं?

१९२६ साली राजरत्न गेला तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी मित्राला पत्रात आपलं मोडलेपण कळवलं. मग रमाईला मोडायचा हक्क का नाही? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ते बाळंतिणीच्या भत्त्यासाठी बोलले. १९२९ ला कायदा झाला. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची आहे. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत रोजानं जाणाऱ्या बाईला कसली रजा?

मी बरी झाल्यावर सासूबाई भाकरी थापता थापता बोलल्या, "तुझ्या नवऱ्याच्या येळंला मीबी हिरीकडं गेल्ते. कुणाला सांगितलं न्हाई." अंगारा आणणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं.

भावांनो, जयंतीची वर्गणी मागायला दारोदार जाता, तसं बाळंतिणीच्या दारातही जा. आपल्या घरात रात्रीचे दोन तास लेकरू तुम्ही सांभाळा, बाईला झोपू द्या. विहाराच्या फळ्यावर १४४१६ लिहा. टेली-मानसचा हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे. अन् रमाईचं नाव घेऊन कुठल्या बाईचं तोंड बंद करू नका.