पाण्याच्या दिवशीचा कलप

पडेगावात कलप लावायचा दिवस आपण ठरवत नाही, नळ ठरवतो. पाणी आलं की आधी ड्रम, मग टाकी, मग कपडे, आणि त्यातून उरलंच तर डोकं. गेली पंधरा वर्षं मी हा क्रम पाळत आले. दोन पाण्यांमधलं अंतर लांबलं की भांगात पांढरी रेघ उमटायची आणि मी लग्नकार्यात डोक्यावरून पदर घ्यायची. लोकांना वाटायचं, बाई किती मर्यादशील!

त्या दिवशीही डोक्याला कलप थापला, खांद्यावर जुना टॉवेल टाकला आणि अर्धा तास काढायचा म्हणून नातीशेजारी बसले. ती ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ बघत होती. हायाओ मियाझाकींचा, २००४ सालचा जपानी ॲनिमेशनपट.

“आजी, यातली मुलगी एका रात्रीत म्हातारी होते.”

“त्यात काय, आमचंही तसंच झालं.”

सोफी अठरा वर्षांची. वडिलांमागे टोप्यांच्या दुकानात राबणारी, आपल्याला रूप नाही हे मनाशी पक्कं धरून बसलेली. एक चेटकीण येते, शाप देते, आणि पोरगी नव्वदीची होते. मला वाटलं, आता रडारड. तर दुसऱ्या दिवशी ही आरशातल्या म्हातारीला समजावते, की तब्येत ठणठणीत आहे, कपडेही आता शोभून दिसतात. मग पाव-चीज बांधून घेते आणि चालायला लागते डोंगराकडे. जादूगार हाउलच्या चालत्या वाड्यात पोचल्यावर पहिलं काम काय, तर झाडलोट. म्हातारी जपानी असो की मराठवाड्यातली, दुसऱ्याच्या घरातली जळमटं तिला बघवत नाहीत.

हा हाउल निघाला कलपवाला. सोफीने न्हाणीघर आवरलं, बाटल्यांची उलथापालथ झाली आणि त्याचे सोनेरी केस शेंदरी झाले. सुंदर दिसायचं नसेल तर जगायचं कशाला, म्हणून तो गळा काढतो. अंगातून हिरवा चिकट द्रव वाहू लागतो. नात हसून लोळली. माझ्या कपाळावरून एक काळा ओघळ कानाकडे निघाला होता, तो मी टॉवेलाने टिपला. तिकडे सोफी पावसात जाऊन रडत होती, की आपण तर कधीच सुंदर नव्हतो. ते रडणं माझ्या ओळखीचं.

या शापाची तऱ्हा न्यारी. झोपली की सोफी तरुण होते. हाउलची बाजू घेऊन ठणकावून बोलली की सुरकुत्या मिटतात. फुलांच्या माळावर तो तिला सुंदर म्हणतो, ती ते उडवून लावते, आणि तिथल्या तिथे पुन्हा म्हातारी. चेटकिणीने शाप एकदाच दिला. पुढचे हिने स्वतःच स्वतःला दिले. सिनेमात एक युद्धही आहे, त्याचं कथानक मात्र फार गुंतलंय आणि शेवट उरकल्यासारखा वाटतो.

नंतर कळलं, जपानीत अठराच्या आणि नव्वदीच्या सोफीला आवाज एकाच बाईचा आहे, चिएको बाइशो यांचा. जन्म १९४१चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा त्रेसष्टीच्या. मियाझाकीही त्याच सालचे. इंग्रजीत दोन नट्या घेतल्या. मला बाइशोबाईंचं पटतं. वरचं बदललं तरी आतलं तेच. पडेगावातून जाणारा आमचा रस्ताच बघा ना. एका टोकाला खडकी, जिचं औरंगाबाद झालं आणि मग छत्रपती संभाजीनगर. दुसरीकडे देवगिरी, त्याचं दौलताबाद झालं. पाट्या रंगवणारे दमले असतील, पण किल्ल्याचा कातळ तोच.

शेवटी सोफी तरुण होते, केस मात्र पांढरेच राहतात. हाउल त्यांना ताऱ्यांच्या उजेडाची उपमा देतो. मी तिकडे बघत राहिले. सिनेमा ११९ मिनिटांचा. भानावर आले तोवर नळ गेला होता. ड्रममधल्या दोन तांब्यांत कसंबसं डोकं धुतलं. कलप कडक वाळला होता, कानामागचा डाग चार दिवस हलला नाही.

पुढच्या पाण्याला मी गोधड्या धुतल्या.