बोके

आमच्या घरात माझ्या एका लेन्सला ‘बोका’ म्हणतात. फोटोत माणसामागचे दिवे विरघळून त्यांचे मऊ रंगीत गोळे होतात, त्याला फोटोवाले ‘बोके’ म्हणतात. शब्द मूळचा जपानी, अर्थ धूसरपणा. हे मी बायकोला पहिल्यांदा मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं, तेव्हा तिने स्क्रीनवर बोट टेकवत एकेक गोळा मोजला आणि म्हणाली, “सतरा बोके झाले. माणूस कुठाय?”

माणूस होता की! त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी न् पापणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ आली होती. उजवा डोळा मात्र गेला होता, आणि कानापासून पुढे सगळं लोणी. मला तिचा राग आला. कलेतलं काही कळत नाही, असं मनात म्हणून मी लॅपटॉप मिटला.

मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक आहे. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सोडेपर्यंत दीड वाजतो. डोंबिवलीची शेवटची लोकल तोवर गेलेली असते आणि पहिलीला अजून अडीच-तीन तास असतात. ऑफिसची सोडायला येणारी गाडी खर्चकपातीत बंद झाली. सहकारी खुर्च्या जोडून झोपतात. मला खुर्चीत झोप लागत नाही, म्हणून परळहून दादरपर्यंत चालत जायची सवय लागली आणि त्या सवयीतून कॅमेरा आला.

लेन्स घेतली बोरा बाजारातून, सेकंडहँड, बत्तीस हजारांना. चिनी बनावटीची, ५० मिलिमीटरची, एफ ०.९५. दुकानदार म्हणाला, “साहेब, मांजराला अंधारात दिसत नाही ते हिला दिसतं.” म्हणजे बोक्याचा संबंध तिथूनच सुरू झाला म्हणायचा. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले तिच्या भोकाचा व्यास, तो एफचा आकडा. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. ५० ला ०.९५ ने भागा, साडेबावन्न मिलिमीटर येतात. कॅरमबोर्डाच्या भोकापेक्षा रुंद. त्यातून काचेची ढेप आत ओवलेली, त्यामुळे वजन पाऊण किलोच्या घरात. ऑटोफोकस नाही. रिंग हाताने फिरवायची.

त्या काळात मी भेटेल त्याला या लेन्सच्या घराण्याचा इतिहास ऐकवायचो. कॅननने १९६१ सालीच ०.९५ची लेन्स काढली होती. लायकाची नॉक्टिलक्स १९६६ची. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे झाईसची एफ ०.७, जी नासासाठी बनवली होती आणि स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’मधले प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपायला वापरली. एक गोष्ट मात्र मी सांगायचो नाही. त्या प्रसंगांत नटांना जवळजवळ जागच्या जागी बसून राहावं लागलं होतं, कारण जरा पुढे झुकलं की फोकस गेला. रस्त्यावरच्या माणसाला कोण सांगणार, बाबा हलू नकोस?

तरी माझी श्रद्धा पक्की होती. फ्लॅश म्हणजे दरोडा, असं मी मानायचो. झोपलेल्या रस्त्यावर लखकन उजेड पाडायचा, माणूस दचकणार, शिवी देणार, आणि फोटोत तोच दचकलेला चेहरा येणार. त्यापेक्षा माझी लेन्स सभ्य. आहे त्या उजेडात, कुणाला न उठवता काम होतं. हे मी कॅमेरा क्लबात दोनदा भाषण करून सांगितलंय. आज ते भाषण आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्या सभ्यतेचा खरा अर्थ एवढाच होता की मी अंधारात उभा असायचो आणि समोरच्याला पत्ता नसायचा.

आता परळचा तो फोटो. इथली मोठी रुग्णालयं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बाहेरचे फुटपाथ माहीत आहेत. कुठून कुठून आलेली माणसं, पेशंट आत आणि घरचे बाहेर, कधी पेशंटही बाहेरच. रात्री दोनच्या सुमाराला एकजण चटईवर बसून गोळ्यांच्या पट्ट्या मांडत होता. सकाळची, दुपारची, रात्रीची अशी लावालावी चालली होती. त्याच्या मागे पाच-सहाजण ओळीने झोपलेले, कुंपणाच्या गजाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे लटकवलेला, एक स्टोव्ह, पाण्याचे कॅन. मी दीड मीटरवर होतो. एवढ्या अंतरावर, पूर्ण उघडी ठेवली तर, ही लेन्स साधारण पाच सेंटिमीटर जाडीचा काप स्वच्छ दाखवते. पाच सेंटिमीटर, म्हणजे त्याचा चेहराही धड मावत नाही. बाकी सगळं, झोपलेले भाऊबंद, एक्स-रे, स्टोव्ह, रुग्णालयाची भिंत, सगळं वितळून मागे सोनेरी-निळे गोळे झाले. त्या गोळ्यांत तो एकटा.

फोटोला नाव दिलं, ‘एकटा’. क्लबच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. अभिप्रायवहीत कुणीतरी महानगरातल्या एकाकीपणाबद्दल अर्धं पान लिहून गेलं, ते मी मोबाइलवर टिपून ठेवलं.

यात मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट अशी की, शटर दाबल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. ओरडला नाही. मागे झोपलेल्यांतला एकजण, त्याचा मेहुणा, उठून बसला होता, त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि तो झाकणातला चहा त्या माणसाने माझ्यापुढे केला. “घ्या ना घोटभर.” मी घेतला. दहा मिनिटं बसलो. बहीण आत होती, ही सगळी तिची माणसं. गावाहून निघताना शेजाऱ्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, त्या कुठवर पुरल्या त्याचा हिशेब मेहुण्याने सांगितला. हा चहा पिऊन मी घरी गेलो आणि फोटोखाली ‘एकटा’ लिहिलं.

तेव्हा बोचलं नाही. खोटं कशाला बोलू?

बोचलं ते नंतर, दादरच्या फूलबाजारात. तुळशीपाइप रोडवर पहाटे चारला जी झुंबड असते तिला बाजार म्हणणं कमीच. टेम्पोतून झेंडूची पोती उतरत असतात, शेवंतीचे ढीग, निशिगंधाच्या जुड्या ओल्या कागदात, वसईकडचा सोनचाफा आणि मोगरा डोक्यावरून येत असतो. डोक्यावर पाटी असलेला माणूस “बाजू, बाजू” ओरडत अंगावर येतो आणि तुम्ही कलाकार असलात तरी बाजूला होता. तिथे उघड्या दिव्यांखाली गजरे विणणाऱ्या एका मावशींचे मी बरेच फोटो काढले होते. बोटं, दोरा, अबोली, वगैरे. एकदा मनात आलं, एक प्रिंट करून नेऊन द्यावी. चांगली बारा बाय अठरा, मॅट कागदावर.

मावशींनी हात पदराला पुसले, प्रिंट दिव्याखाली धरली. स्वतःचा चेहरा त्यांनी एकदाच पाहिला. मग डोळे बारीक करून त्या मागच्या गोळ्यांत काहीतरी शोधू लागल्या. एका पिवळट-जांभळ्या डागावर बोट ठेवलं.

“ही आमची जाऊबाई ना?”

मी म्हणालो, “असेल.”

“असेल काय, हीच. रोज हितंच बसती. दादा, हिला का पुसलीत?”

मी समजावायला गेलो. की हे मुद्दाम असतं, की त्यामुळे तुम्ही उठून दिसता. मावशींनी ऐकून घेतलं. मागे बसलेल्या जाऊबाईंकडे प्रिंट सरकवली. जाऊबाईंनी पाहिली आणि काही न बोलता परत केली. मावशी म्हणाल्या, “आता ही चार दिवस बोलायची नाही माझ्याशी.”

त्या पहाटे लोकलमध्ये मी स्वतःशी खूप वाद घातला. रस्त्यावरच्या बाईला बोके कळत नाहीत म्हणून माझी दृष्टी चुकीची ठरते का? ब्रासाईची आठवण काढली. १९३३ साली ‘पारी द न्वी’ काढणारा तो रात्रीचा बादशहा. आजच्या मानाने मंद लेन्स, ट्रायपॉड, काचेच्या प्लेटा, आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते सिगरेटवर मोजायचा, एका ब्रँडची सिगरेट कमी अंधारासाठी, दुसरी जाड सिगरेट जास्त अंधारासाठी. आठवण काढली ती स्वतःच्या बाजूने साक्षीदार म्हणून. साक्षीदार उलटला. त्याच्या फोटोंत फरसबंदीचा दगड न् दगड दिसतो, धुकं दिसतं, भिंतीवरची जाहिरात दिसते. ते शहर पॅरिसच आहे, दुसरं कुठलं असू शकत नाही. मग घरी येऊन माझे तीन वर्षांतले फोटो उघडले. ठेवलेले सहाशेएक होते. कुठल्या रस्त्यावरचा, हे फोटोवरूनच ओळखता येईल असे किती, ते मोजले. एकेचाळीस. बाकीचे परळचे, तसेच नागपूरचे, तसेच बँकॉकचे. बातमीतून ठिकाण गाळून कुणी कॉपी पाठवली असती तर मी त्या बातमीदाराला फोनवर सोलून काढला असता. इथे मी तीन वर्षं तेच करत होतो, वर बक्षीस घेत होतो.

आणि गंमत म्हणजे ज्या कारणासाठी ही काच घेतली ते कारण कधीच संपलं होतं. ४०० आयएसओची फिल्म ओढून-ताणून १६०० वर नेणाऱ्यांना उघडी लेन्स म्हणजे प्राणवायू होता. माझा कॅमेरा १२८०० वर चालतो. म्हणजे एफ ०.९५ सोडून एफ ५.६ वर गेलं तर लेन्समधून येणारा उजेड पस्तीसपट कमी होतो, तो मी ४०० वरून १२८०० वर जाऊन जवळजवळ भरून काढू शकतो. शटर तेच. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. येऊ देत. वर्तमानपत्राच्या कागदावर आयुष्य काढलेल्या माणसाने दाण्यांचं सोवळं पाळू नये.

आता ३५ मिलिमीटरची साधी, हलकी लेन्स वापरतो. एफ ५.६, फोकस तीन मीटरवर लावून रिंगला हात लावायचा नाही. मग सव्वादोन मीटरपासून पाच मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. दोन-तीन अडचणी सांगून टाकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर फार वेगात ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा मिणमिणता. म्हणून एक शतांश सेकंद किंवा एक पन्नासांश. त्यात चालणाऱ्या माणसाचे पाय थोडे फरफटतात. शिवाय चौकटीत आता नको ते सगळं येतं. कचऱ्याचा डबा, राजकीय फ्लेक्स, टेम्पोची नंबरप्लेट. पूर्वी लेन्स हे सगळं पुसून द्यायची. आता मला पाय हलवावे लागतात, थांबावं लागतं, एखादा माणूस सरकेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात लोक मला बघतात. कोण आहेस, काय करतोस, विचारतात. सांगावं लागतं. निम्मे फोटो त्या बोलण्यात जातात. हे मला अजूनही पूर्ण आवडलेलं नाही.

बोका विकलेला नाही. बोरा बाजारात विचारून आलो, बारा हजार म्हणाले. पण खरं कारण पैशांचं नाही. गजरा विणणाऱ्या बोटांचा एक फोटो आहे, दोरा, दोन बोटं आणि एक कळी, बास. त्याला पाच सेंटिमीटर पुरतात. तो फोटो मला आजही चांगला वाटतो. ‘एकटा’ मात्र भिंतीवरून उतरवला. क्लबवाल्यांनी कारण विचारलं तेव्हा फ्रेमला वाळवी लागली असं सांगितलं. चहाचं सांगायचा धीर तेव्हा झाला नाही, तो इथे केला.

गेल्या दसऱ्याआधी फूलबाजारात पुन्हा गेलो. नवा फोटो, नवी प्रिंट. यात मावशी पुढे, खांद्यामागे जाऊबाई, त्यांच्या मागे झेंडूचा डोंगर आणि त्यावर चढून बसलेला पोऱ्या, बाजूला चहावाला, वर पुलाचं काँक्रीट. सगळं दाणेदार, सगळं जागच्या जागी. मावशींनी प्रिंट दिव्याखाली धरली. जाऊबाईही गुडघ्यावर हात देऊन उठल्या, मावशींच्या खांद्यावरून वाकल्या, स्वतःला पाहून पदर सारखा केला. मी मनातल्या मनात कौतुकाची वाट बघत होतो.

मावशींनी फोटो नाकाजवळ नेला. जाऊबाईंच्या मांडीजवळच्या पाटीत, शेवंतीखालून अर्धवट बाहेर आलेल्या कशावर तरी त्यांचं बोट थांबलं.

“ही माझी कात्री,” त्या म्हणाल्या. “गणपतीपासून शोधती मी. आणि ही म्हणती कशी, मला काय ठावं!”

जाऊबाई म्हणाल्या, फोटोतलं काय खरं असतं होय. मग दोघींनीही माझ्याकडे पाहिलं.

पाच-दहाची लोकल पकडायची होती. मी निघालो.