ओरेस्टेस, परशुराम आणि आमचा फणस

मी आइंडहोव्हनला जिम्नॅशियमच्या पाचवीत आहे. जिम्नॅशियम म्हणजे व्यायामशाळा नव्हे! इथे ज्या शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवतात तिला असे म्हणतात, आणि तिथली पाचवी म्हणजे आपल्याकडची अकरावी. यंदा आम्हाला एस्किलसची ओरेस्टेसवरची तीन नाटके आहेत. ती इ. स. पूर्व 458 मध्ये अथेन्सला झाली होती.

आत्रेउस आणि थिएस्टेस हे सख्खे भाऊ. आत्रेउसने भावाची मुले मारून त्यालाच जेवायला वाढली. आत्रेउसचा मुलगा आगामेम्नॉन. ट्रॉयला जायला वारा सुटावा म्हणून त्याने स्वतःच्या मुलीचा बळी दिला. तो युद्ध जिंकून घरी आला तेव्हा बायकोने त्याला ठार मारले, आणि तिच्या साथीला होता थिएस्टेसचा मुलगा. मग ओरेस्टेसने बापासाठी आईला मारले.

वर्गातल्या मुलांना हे भयंकर वाटले. मला तितके वाटले नाही, कारण आमचे गाव चिपळूणच्या बाजूला आहे आणि परशुरामाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. रेणुका पाणी आणायला गेली आणि तिचे मन क्षणभर चळले, एवढ्यावरून जमदग्नीने मुलांना आईला मारायला सांगितले. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू या चौघांनी ऐकले नाही. बापाने त्यांना शाप दिला. धाकट्या परशुरामाने ऐकले. (त्या चौघांचे देऊळ मी कुठे पाहिले नाही.) माहूरला तर देवीचा फक्त मुखवटाच पुजतात.

पुढे कार्तवीर्याने आश्रमातले वासरू नेले, म्हणून परशुरामाने त्याला मारले. त्याच्या मुलांनी जमदग्नीला मारले, आणि मग परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. शेवटी त्याच्या पितरांनीच येऊन त्याला थांबवले. ज्यांच्यासाठी सूड घ्यायचा तेच "पुरे" म्हणाले, हे मला फार आवडते. ग्रीक गोष्टीत कोर्ट लागते. ओरेस्टेसच्या बाजूने आणि विरुद्ध सारखी मते पडतात, आणि अथेना देवीच्या मतामुळे तो सुटतो.

हे मी आजीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आणि त्याची आई? ती उठली का परत?"

मी म्हटले, नाही.

"मग कसला सुटला!" आजी म्हणाली. परशुरामाने वर मागताना आधी आईचे प्राण मागितले, आणि झाल्या गोष्टीची आठवण राहू नये असेही मागितले.

आता आमच्या घराविषयी. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात बांधावरच्या एका फणसावरून भांडण झाले. तेव्हा बाबा शाळेत होते. दावा लागला. पूर्वी भावकीचा एकच गणपती असायचा, आता भिंतीच्या दोन बाजूंना दोन गणपती बसतात आणि दोन्हीकडे आरती मोठ्याने म्हणतात, दुसऱ्या घरात ऐकू जावी म्हणून. गणपतीला दोन्ही सारख्याच ऐकू येत असणार. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात तो फणस मुळासकट पडला. दावा पडला नाही.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. आता वारस म्हणून बाबांनी नाव लावायचे आहे. वकिलांनी कागद पाठवले, ते आमच्या बेस्टच्या घरी जेवणाच्या टेबलावर पडून आहेत. बाबांनंतर माझे नाव लागेल, असे आत्या सांगते. बाबा म्हणतात, "आजोबांनी एवढी वर्षे चालवले, मी सोडले तर त्यांना काय वाटेल?" मी त्यांना पितरांची गोष्ट सांगितली. ते हसले, पण कागदांवर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाहीत.

पलीकडच्या घरात माझ्याच वयाचा चुलतभाऊ आहे. गेल्या सुट्टीत विहिरीवर आम्ही पहिल्यांदा बोललो. त्याने विचारले, "तुमच्याकडे फणस मिळतो का?" मी सांगितले, आइंडहोव्हनला डब्यात मिळतो, पाकातला. तो इतका हसला की त्याची आई बाहेर आली. तिने आम्हा दोघांकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि थोड्या वेळाने त्याच्या हाती माझ्यासाठी फणसपोळी पाठवली. आजीला मी ती दाखवली. तिने एक तुकडा तोडून खाल्ला आणि म्हणाली, "साखर जास्त झाली आहे."